सेकंडहँड लॅपटॉपमध्ये पासवर्ड घातलेली हार्ड डिस्क निघाली: उघडावी, पुसावी की परत करावी?

गावभागकर

सेकंडहँड लॅपटॉपमध्ये आधीच्या मालकाने पासवर्ड घातलेली हार्ड डिस्क निघाली, तर तिचे नेमके काय करावे, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. पुतणीच्या डिप्लोमासाठी सांगलीतील एका दुकानातून काही वर्षे वापरलेला, पण ठणठणीत असा लॅपटॉप घेतला. त्यात दोन डिस्क आहेत. विंडोज असलेली २५६ जीबीची एसएसडी दुकानदाराने नवी बसवलेली असून तिच्याविषयी काहीच तक्रार नाही. दुसरी १ टीबीची जुनी अडीच इंची हार्ड डिस्क आहे, आणि लॅपटॉप सुरू केला की विंडोज येण्याआधीच काळ्या पडद्यावर कुलपाचे छोटे चित्र व त्याखाली पासवर्डची चौकट येते. एस्केपचे बटण दाबले की पुढे सगळे सुरळीत चालते, परंतु ती डिस्क काही उघडत नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती दिसते, 'इनिशिअलाइझ' करायचे, म्हणजे वापरासाठी तयार करायचे का असे विचारले जाते, आणि होकार दिला की आय/ओ एरर, म्हणजे वाचता-लिहिता येत नसल्याची चूक, येते.

दुकानदाराचे म्हणणे असे की डिस्क त्याने वरकड म्हणून दिली होती, तिचे पैसे धरलेलेच नव्हते, त्यामुळे तिची जबाबदारीही त्याची नाही. हा पासवर्ड काढता येतो का, आणि येत असेल तर तो काढणे योग्य आहे का, हे मला जाणून घ्यायचे आहे. लॅपटॉप चोरीचा तर नसेल ना, हे घरच्या मंडळींचे टुमणे वेगळेच.

बेदाणा

फॉरमॅट मारा. आमच्या तासगावात संगणकाच्या कोणत्याही दुखण्यावर हे एकच औषध दिले जाते आणि रोग्याला ते मुकाट्याने घ्यावे लागते.

गावभागकर

बेदाणा, ते करून पाहिले. ही डिस्क औषध तोंडातच घेत नाही. विंडोजच्या सेटअपमधून पार्टिशन उडवण्याचा प्रयत्नही फसला.

कथील

मिरजेत माझे दुरुस्तीचे दुकान आहे आणि हा प्रकार वर्षातून अनेकदा टेबलावर येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. फॉरमॅट का होत नाही हे समजले की निम्मा प्रश्न सुटतो.

लॅपटॉपवर तीन वेगवेगळे पासवर्ड भेटतात आणि गिऱ्हाईक तिन्हींना 'लॉक आहे' एवढेच म्हणते. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारी लॅपटॉपची मूळ व्यवस्था; तिचा पासवर्ड मदरबोर्डवरच्या चिपमध्ये राहतो. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली की तिचा या पासवर्डशी संबंध उरत नाही. बिटलॉकर हे विंडोजचे काम असून व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, ते आपल्याकडे आहे. त्यात माहिती एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात असते, पण डिस्क स्वतः कोणाला अडवत नाही. त्यामुळे आतले वाचता आले नाही तरी सगळे उडवून नवे विंडोज बिनदिक्कत टाकता येते.

तुमच्याकडे आहे तो तिसरा प्रकार, ज्याला एटीए सिक्युरिटी म्हणतात. तो १९९७ च्या एटीए-३ मानकापासून चालत आलेला आहे. हा ३२ बाइटचा पासवर्ड लॅपटॉपकडे नसतो, तो डिस्कच्या स्वतःच्या ताब्यात असतो, आणि बहुतेक हार्ड डिस्कमध्ये तो आतल्या तबकडीवरच्या राखीव भागात लिहिलेला असतो. कुलूपबंद डिस्क आपले मॉडेल, सिरियल क्रमांक आणि क्षमता विचारल्यास सांगते. मात्र कोणी वाच किंवा लिही म्हटले की साफ नकार देते. फॉरमॅट म्हणजे शेवटी लिहिणेच, म्हणून तोही नाकारला जातो. मदरबोर्डवरची सीमॉसची छोटी बॅटरी काढणे, डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला लावणे किंवा तिचा हिरवा बोर्ड बदलणे यांपैकी कशानेही हा पासवर्ड जात नाही. पुतणीला आणि घरातल्या सगळ्यांना आळीपाळीने जन्मतारखा टाकून पाहायला सांगू नका, कारण पाच चुका झाल्या की डिस्क पुढचा पासवर्ड तपासतच नाही. वीज पूर्ण बंद करून पुन्हा दिल्यावरच ती पुन्हा ऐकू लागते.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. या व्यवस्थेत यूजर आणि मास्टर असे दोन पासवर्ड असतात. सुरक्षेची पातळी 'हाय' असेल तर मास्टर पासवर्डने डिस्क उघडता येते. 'मॅक्झिमम' असेल तर त्याच मास्टरने डिस्क फक्त संपूर्ण पुसता येते, आतले काही वाचता येत नाही. तुमची कोणती आहे ते कळल्याशिवाय पुढचे बोलण्यात अर्थ नाही.

सहज_विचारले

ही डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घातली तर?

कथील

बहुतेक केसिंगमधील चिप हे सुरक्षेचे आदेश डिस्कपर्यंत नीट पोचवत नाही. उघडण्याचा प्रयत्न निष्फळ ठरेल एवढ्यावर भागले तर ठीक, पण पुसण्याचा आदेश यूएसबीमार्गे अर्धवट पोचला तर डिस्क कायमची कामातून जाऊ शकते. ती लॅपटॉपच्या साटा जोडणीवर आहे तिथेच राहू द्या.

तिसरी_बाजू

तंत्राचे कथील यांनी सांगितलेच आहे. मी कायद्याची बाजू मांडतो. घरच्या मंडळींचे टुमणे अगदीच अनाठायी नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ६६बी नुसार चोरीचा संगणक, तो चोरीचा आहे हे माहीत असताना किंवा तसे मानण्यास सबळ कारण असताना, अप्रामाणिकपणे घेणे अथवा ठेवणे यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. भारतीय न्याय संहितेचे चोरीच्या मालमत्तेविषयीचे कलम ३१७ आहे ते वेगळे. दुकानातून उघडपणे, योग्य किमतीला घेतलेल्या वस्तूबाबत लगेच कोणी तुम्हाला दोषी धरणार नाही, परंतु १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचा साधा नियम असा की विकणाऱ्याचाच हक्क नसेल तर घेणाऱ्यालाही तो सहसा मिळत नाही. म्हणून बिल मागा. 'एक जुना लॅपटॉप' एवढेच लिहिलेली कच्ची पावती काही कामाची नाही. बिलावर मॉडेल, लॅपटॉपचा सिरियल क्रमांक आणि या प्रकरणात डिस्कचाही सिरियल क्रमांक हवा.

मोबाईलचा आयएमईआय क्रमांक संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो, तशी सोय लॅपटॉपसाठी नाही. तेव्हा कागद हाच पुरावा आहे.

दुसरा मुद्दा अधिक नाजूक आहे. लॅपटॉप विकत घेतल्याने त्यातील डिस्क तुमची झाली हे खरे. पण या कायद्याच्या व्याख्येत 'संगणक साधनसंपत्ती'मध्ये यंत्रासोबत डेटाही येतो. दुसऱ्याचा डेटा त्याच्या परवानगीशिवाय पाहणे वा उतरवून घेणे हे कलम ४३ च्या कक्षेत येऊ शकते, आणि त्यात लबाडीचा हेतू असेल तर कलम ६६ लागते, असे माझे मत आहे. हा वकिली सल्ला समजू नये. समोरासमोर कागदपत्रे पाहिल्याशिवाय सल्ला देणारा वकील मी नाही.

बेदाणा

म्हणजे फॉरमॅट मारता आला असता तर आपण सगळे निर्दोष सुटलो असतो!

अजिंक्यतारा

तिसरी_बाजू यांच्याविषयी आदर राखून सांगतो की हे जरा जास्तच होत आहे. साताऱ्यात मी स्वतः आजवर सगळे लॅपटॉप सेकंडहँडच वापरले. पुण्या-मुंबईच्या कंपन्या तीन-चार वर्षांनी यंत्रे बदलतात, ती लॉटने व्यापाऱ्यांकडे जातात, आणि तिथून पोवई नाक्यापासून विश्रामबागपर्यंतच्या दुकानांत येतात. त्यातल्या शंभरातल्या नव्वदांवर कोणी तरी काही तरी विसरलेले असतेच. मी असतो तर सरळ मास्टर पासवर्ड शोधला असता, डिस्क उघडली असती, आत काय आहे ते पाहिले असते आणि मग निवांत ठरवले असते. न पाहताच पुसायचे का पुसायचे नाही हे कसे ठरवणार?

चोरीचा आहे का हे तपासायचे असेल तर त्याच्याही खुणा असतात. विंडोज नव्याने टाकताना सुरुवातीलाच एखाद्या कंपनीचे नाव येऊन तिच्याच ईमेलने लॉग इन करायला सांगितले, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे असे समजावे. ही नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते, डिस्क बदलून ती जात नाही. बायोसमध्ये ॲसेट टॅग, म्हणजे कंपनीने यंत्राला दिलेला स्वतःचा क्रमांक, अशी ओळ असते, तीही वाचावी. त्याशिवाय निर्मात्या कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल क्रमांक टाकला की वॉरंटी कधी संपली ते दिसते; दुकानदार यंत्र जेवढे जुने सांगतो त्याच्याशी ते जुळते का, हे पाहता येते.

रोजकीर्द

मी सांगलीतच एका कर सल्लागाराच्या कार्यालयात काम करते आणि जुनी यंत्रे विकायला काढण्याचे काम माझ्याकडेच असते, त्यामुळे अजिंक्यतारा यांच्या 'आत काय आहे ते पाहिले असते' या वाक्यावर मला थांबावे लागले. आमच्या एका साध्या लॅपटॉपवर मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांपासून कुपवाडच्या कारखानदारांपर्यंत शेकडो लोकांचे पॅन, आधारच्या प्रती, बँकेची विवरणे, जीएसटीचे यूजर आयडी आणि, सांगायला लाज वाटते, एका एक्सेल फाइलमध्ये त्यांचे पासवर्डही असतात. ही माहिती आमचीसुद्धा नाही. ती गिऱ्हाइकांनी विश्वासाने आमच्याकडे ठेवलेली आहे. डिस्कला पासवर्ड आहे याचा अर्थ कोणी तरी विसरला एवढाच घेऊ नये. विसरलेला माणूस कुलूप लावत नाही. ज्याने लावले त्याने आपली इच्छा आधीच सांगून ठेवलेली आहे, आणि ती अशी की हे कोणी पाहू नये.

पूररेषा

रोजकीर्द ताईंचे म्हणणे व्यवहारात बरोबर आहे, पण प्रत्येक डिस्क कार्यालयाचीच असते असे नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पुराचे पाणी माडीच्या पायऱ्यांपर्यंत आले होते. पाणी ओसरल्यावर लग्नाच्या अल्बमची पाने एकमेकांना अशी चिकटली होती की सोडवताना चेहरेच निघून आले. सांगलीत अशी किती तरी घरे आहेत, ज्यांच्याकडे त्यानंतर उरलेले फोटो फक्त कोणाच्या तरी जुन्या डिस्कवर होते. अशी डिस्क एखाद्या मुलाने वडिलांच्या पश्चात, आत काय आहे हे माहीत नसताना, भंगाराच्या भावात विकली असेल तर? पुसून टाकणे हा सोपा मार्ग आहे म्हणून तो योग्य मार्ग ठरत नाही. मालकाचा शोध घेण्यापुरती ती उघडावी आणि त्याची वस्तू त्याला द्यावी, असे मला वाटते.

तिसरी_बाजू

शोध घेण्यासाठी उघडणे आणि कुतूहलापोटी उघडणे यांत हेतूचा फरक आहे हे मान्य. पण शोध घेण्याचा पहिला मार्ग डिस्कच्या आत नसून दुकानाच्या खरेदी वहीत आहे. दुकानदाराला लॉट कोणी दिला, त्याला कोणी दिला, हे विचारता येते. तो मार्ग चालून पाहिल्याशिवाय दुसऱ्याच्या खासगी फाइली चाळणे समर्थनीय नाही.

पेंग्विनप्रेमी

गावभागकर, चर्चा चालू राहू दे, तोवर आपण डिस्कलाच विचारू. कोणतेही लिनक्स पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरून लॅपटॉप बूट करा. काही इन्स्टॉल करण्याची गरज नाही. सुरुवातीला पासवर्डची चौकट येईल तेव्हा एस्केप दाबा. टर्मिनलमध्ये एचडीपार्म नावाचे साधन डिस्कची संपूर्ण माहिती दाखवते. त्यात शेवटाकडे 'सिक्युरिटी' हा भाग असतो, तेवढा इथे लिहा. सोबत स्मार्टसीटीएल चालवून डिस्कच्या तब्येतीचा अहवालही घ्या. कुलूपबंद डिस्कसुद्धा आपली तब्येत सांगते, फक्त मनातले सांगत नाही.

पुसण्याचा आदेश देण्यापूर्वी डिस्क कोणती हे तीनतीनदा पाहा. पुतणीची एसएसडी आणि ही डिस्क यांची नावे लिनक्समध्ये एका अक्षराने वेगळी असतात. मी तर एसएसडी काढूनच ठेवा म्हणेन.

गावभागकर

सर्वांचे आभार. लिनक्सवरून पाहिले. सिक्युरिटीच्या भागात असे दिसते: सपोर्टेड, एनेबल्ड, लॉक्ड, नॉट फ्रोजन. पातळी 'हाय' आहे. मास्टर पासवर्ड रिव्हिजन कोड ६५५३४ आहे. शेवटच्या ओळीत इरेजसाठी १९२ मिनिटे असे लिहिले आहे. तब्येतीच्या अहवालात डिस्क बरीच चाललेली दिसते आणि 'रीअलोकेटेड सेक्टर', म्हणजे खराब ठरलेल्या जागा, यासमोर शून्य नाही, चोवीस आहे.

दुकानदाराकडेही जाऊन आलो. त्याने आपली वही काढून दाखवली, त्यात पुण्याच्या एका व्यापाऱ्याकडून आलेला तीस यंत्रांचा लॉट नोंदलेला आहे. त्याने माझ्यासमोर फोन लावला. त्या व्यापाऱ्याने सांगितले की ही यंत्रे एका कंपनीच्या भाडेकराराची मुदत संपल्यावर लिलावात घेतलेली असून कोणत्या यंत्रावर कोण काम करत होते याची नोंद त्याच्याकडे नाही. दुकानदाराने लॅपटॉपचा आणि डिस्कचा सिरियल क्रमांक घालून जीएसटीचे बिल मात्र दिले. बायोसमध्ये ॲसेट टॅगही आहे, आणि तो लॉटच्या यादीशी जुळतो.

कथील

बिल मिळाले हे उत्तम झाले. आता डिस्कविषयी, आणि इथे जरा विचार करावा लागेल.

६५५३४ या आकड्याचा अर्थ असा की कारखान्यात घातलेला मास्टर पासवर्ड आजतागायत कोणी बदललेला नाही. मालकाने यूजर पासवर्ड घातला, पातळी हायच राहू दिली, आणि मास्टर तसाच राहिला. काही कंपन्यांचे कारखान्यातले मास्टर पासवर्ड दुरुस्तीच्या धंद्यातल्या लोकांना अनेक वर्षे माहीत आहेत. अलीकडच्या डिस्कवर ते सहसा चालत नाहीत, पण तुमच्या मॉडेलच्या काळातल्या डिस्कवर चालण्याची शक्यता चांगली आहे. म्हणजे ही डिस्क उघडता येईल, आतल्या सगळ्या फाइलींसह.

तोच मास्टर पासवर्ड दुसऱ्या आदेशालाही चालतो. 'सिक्युरिटी इरेज' या आदेशासोबत तो दिला की डिस्क आधी उघडत नाही. ती स्वतःच पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सगळे पुसते आणि काम पूर्ण झाल्यावर यूजर पासवर्डही काढून टाकते. हातात किल्ली एकच आहे, दारे दोन आहेत. माझ्या दुकानात दुसरे दारच उघडले जाते. लॅपटॉप लॉटमधला आहे, मालक एक कंपनी आहे आणि तिने यंत्रे लिलावात काढली आहेत, तेव्हा पूररेषा यांना वाटते तशी अल्बमची शक्यता इथे फार कमी आणि रोजकीर्द यांना वाटते तशी एक्सेलची शक्यता फार जास्त आहे.

अजिंक्यतारा

तो मास्टर पासवर्ड कोणता, ते इथेच लिहून टाका की. सगळ्यांचे काम होईल.

कथील

आंतरजालावर तो शोधणाऱ्याला सापडतो, त्यात काही गुपित नाही. पण मी इथे लिहिला तर हा धागा वाचणाऱ्यांपैकी निम्मे लोक पुसण्यासाठी वापरतील आणि निम्मे तुमच्यासारखे 'आत काय आहे ते पाहण्यासाठी', म्हणून लिहिणार नाही. गावभागकर यांनी डिस्क घेऊन मिरजेला यावे. स्टेशनजवळ चहा चांगला मिळतो आणि १९२ मिनिटे कशी तरी घालवावीच लागतील.

पूररेषा

मालक कंपनी आहे हे कळल्यावर माझा आग्रह मी सोडते. घरगुती यंत्र असते तर मात्र मी मागे हटले नसते. माझा एक प्रश्न उरतो. पासवर्ड असूनही कथील यांच्यासारखा माणूस डिस्क उघडू शकतो, तर हा पासवर्ड कशापासून संरक्षण देतो?

कथील

प्रश्न नेमका आहे. जुन्या, साध्या हार्ड डिस्कवर एटीए पासवर्ड हा फक्त दारावरचा पहारेकरी असतो, आतले सामान साधेच ठेवलेले असते. माहिती एन्क्रिप्ट केलेली नसते. डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळांत पीसी-३००० सारखी साधने असतात, ती डिस्कच्या राखीव भागात शिरून अनेक मॉडेलचा पासवर्ड काढू शकतात, अगदी पातळी मॅक्झिमम असली तरी. प्रामाणिक प्रयोगशाळा त्यासाठी मालकीचा पुरावा मागते. सगळ्याच प्रयोगशाळा मागतात असे म्हणणार नाही.

स्वतःच एन्क्रिप्ट करणाऱ्या डिस्क वेगळ्या. त्यांच्यावरचे सगळे एका आतल्या किल्लीने एन्क्रिप्ट झालेले असते, त्यामुळे पुसणे म्हणजे ती किल्ली बदलणे. काही सेकंदांत काम होते. अशा ओपल प्रकारच्या डिस्कच्या लेबलवर पीएसआयडी नावाचा ३२ अक्षरांचा क्रमांक छापलेला असतो. तो दिला की डिस्क कारखान्यातून आल्यासारखी कोरी होते, माहिती मात्र परत मिळत नाही. म्हणजे हातात डिस्क असलेला कोणीही ती पुन्हा वापरू शकतो, पण वाचू शकत नाही. माझ्या मते असेच असायला हवे.

त्यातही सगळे आलबेल नाही. २०१८ मध्ये नेदरलँड्समधील रॅडबाउड विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी क्रुशियल आणि सॅमसंगच्या काही एसएसडींमध्ये पासवर्ड आणि आतली किल्ली यांचा नीट संबंधच जोडलेला नाही हे दाखवून दिले. तोवर बिटलॉकर अशा डिस्कवर विसंबून स्वतः एन्क्रिप्ट करत नसे. २०१९ च्या सप्टेंबरपासून मायक्रोसॉफ्टने ते बदलले आणि बिटलॉकर नव्याने लावल्यास तो स्वतःच एन्क्रिप्ट करू लागला.

रोजकीर्द

हे वाचून मला झोप लागेल असे वाटत नाही. आमच्या कार्यालयातील चार जुन्या लॅपटॉपांना आम्ही बायोसमधून हाच हार्ड डिस्क पासवर्ड घातलेला आहे आणि येत्या महिन्यात ते विकायचे आहेत. पासवर्ड आहे म्हणून पुसण्याची गरज नाही, असे आमच्या साहेबांचे ठाम मत आहे.

बेदाणा

रोजकीर्द ताई, साहेबांना सांगा की गावभागकर यांच्या डिस्कच्या मालकाचेही नेमके असेच मत होते.

सहज_विचारले

माझ्याकडे घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. तिथेही मास्टर पासवर्ड चालेल का?

पेंग्विनप्रेमी

नाही. तो बिटलॉकर आहे आणि त्याला मागचे दार नाही. ती की सहा-सहा आकड्यांच्या आठ गटांत असते आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो, त्यामुळे अंदाजाने टाकलेले आकडे बहुधा गट पुरा होताच नाकारले जातात. की आधीच्या मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असू शकते; तो सापडला आणि त्याने दिली तरच डिस्क उघडेल. तुम्हाला फक्त लॅपटॉप वापरायचा असेल तर पेन ड्राइव्हवरून नवे विंडोज टाका, सगळी पार्टिशन उडवा, प्रश्न मिटला. बेदाणा यांचे औषध इथे चालते.

बेदाणा

शेवटी आमच्या तासगावच्या वैद्यकीला मान्यता मिळाली.

गावभागकर

डिस्क पुसून झाली. रविवारी मिरजेला गेलो होतो. कथील यांनी एसएसडी काढून ठेवली, चार्जर जोडून ठेवला आणि आदेश दिला. डिस्क पुसली जात असताना पडद्यावर कोणताही आकडा किंवा पट्टी पुढे सरकताना दिसत नाही, नुसती बारीक घरघर ऐकू येते, त्यामुळे ती अडकली की काय असे वाटत राहते. सांगितलेल्या वेळेच्या थोडी आधीच ती मोकळी झाली. पुन्हा पाहिले तेव्हा 'नॉट एनेबल्ड, नॉट लॉक्ड' असे दिसले, आणि विंडोजने पहिल्यांदाच ती निमूटपणे इनिशिअलाइझ केली. आत काय होते ते आम्हा दोघांनाही माहीत नाही.

चोवीस खराब सेक्टरांविषयी कथील यांचे मत असे पडले की, हा आकडा स्थिर राहिला तर डिस्क आणखी बरेच दिवस चालेल आणि वाढू लागला तर कधीही राम म्हणेल. म्हणून पुतणीला तिच्यावर फक्त पुन्हा उतरवून घेता येतील असे लेक्चरचे व्हिडिओ ठेवायला सांगितले आहे. प्रोजेक्टच्या फाइली एसएसडीवर आणि शिवाय पेन ड्राइव्हवर राहतील.

अजिंक्यतारा

एवढा खटाटोप व्हिडिओ ठेवण्यासाठी! तेवढ्या वेळात नवी डिस्क घरपोच आली असती. पण बिल हातात आले, हे मात्र मान्य करतो. माझ्याकडच्या एकाही लॅपटॉपचे असे बिल नाही.

तिसरी_बाजू

गावभागकर, दुकानदाराच्या वहीतील त्या पानाचा फोटो काढून ठेवला असेल तर तोही बिलासोबत जपून ठेवा. यापुढे लॅपटॉपविषयी वाद झालाच, तर जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. पण तिथे कागद विचारले जातात.

रोजकीर्द

साहेबांना हा संपूर्ण धागा छापून दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि चारही लॅपटॉप पुसायला मान्यता दिली. आता क्रम नेमका कसा ठेवावा? आमच्याकडे दोन हार्ड डिस्क आहेत आणि दोन एसएसडी.

कथील

आधी ज्याची गरज पडेल ते सगळे दुसरीकडे उतरवून घ्या आणि उतरवलेले उघडते का ते तपासा. नंतर प्रत्येक यंत्रावर मायक्रोसॉफ्ट खात्यातून बाहेर पडा, खात्याच्या यादीतून ते यंत्र काढा, टॅली आणि डिजिटल सही यांची नोंदणी दुसरीकडे हलवा. मग डिस्क पुसा: हार्ड डिस्क असतील तर वर सांगितलेला सिक्युरिटी इरेज, तुम्हाला पासवर्ड माहीत असल्याने तो सहज होईल, एसएसडी असतील तर बायोसमध्येच सुरक्षितपणे पुसण्याचा पर्याय बहुधा मिळेल, आणि नसेल तर डिस्क बनवणाऱ्या कंपनीचे साधन वापरा. एसएसडीवर नुसता फॉरमॅट मारून थांबू नका.

शेवटी बायोसचे पासवर्डही काढा. बायोसच्या सेटिंगला कुलूप घालणारा सुपरवायझर पासवर्ड राहिला तर घेणाऱ्याला साधा बूटचा क्रमसुद्धा बदलता येत नाही, आणि तो काढण्यासाठी मग माझ्यासारख्याला मदरबोर्डवरची चिप उपसावी लागते. यंत्रांचे सिरियल क्रमांक विक्रीच्या बिलावर तुमच्याकडूनच लिहून द्या. एखाद्या डिस्कने पुसण्याचा आदेश मध्येच सोडला, तर ती लॅपटॉपसोबत विकू नका. काढून ठेवा, पुढच्या वेळी मिरजेला येणाऱ्याच्या हाती पाठवा, तबकडीला भोक पाडून देतो.